आत्या, फान रेडेंचा वाडा आणि तीन वैद्य

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा, किंवा मुलं झोपल्यावर वाचा.

माझी आत्या आणि काका तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. पाहुण्यांना घेऊन फिरण्याचा आपला सगळ्यांचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. कौकेनहोफची फुलं, झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या, खिटहोर्नची होडी, आम्स्टरडॅमचा कालवा. तो सगळा पहिल्या दोन महिन्यांत उरकला. मग एक शनिवार-रविवार रिकामा राहिला आणि त्यातच लेकीने बॉम्ब टाकला. ती ग्रुप सातमध्ये आहे. मंगळवारी वर्गात तिचं स्प्रेकबर्ट होतं (ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी: वर्गासमोर उभं राहून एका विषयावर पंधराएक मिनिटं बोलायचं, चित्रं दाखवायची, प्रश्नांना उत्तरं द्यायची). विषय तिने महिनाभर आधीच देऊन ठेवला होता, 'एक किल्ला'. कोणता, ते ठरलेलं नव्हतं. मी म्हटलं, चला, एका दगडात दोन पक्षी. आत्या-काकांना एखादा जुना वाडा आणि आजूबाजूची खेडी दाखवू, हिचंही काम होईल.

म्हणून आम्ही उट्रेख्त प्रांतातल्या आमेरोंगेनला गेलो.

आपल्या मनात किल्ला म्हटलं की तटबंदी, बुरूज, दिंडी दरवाजा. लेकीने गाडीत आत्याला रायगडाच्या गोष्टी विचारून घेतल्या होत्या, त्यामुळे समोर खंदकाच्या मधोमध उभी असलेली विटांची चौकोनी, शिस्तशीर हवेली बघून तिचं तोंडच उतरलं. "हा काय किल्ला आहे? हे तर ऑफिस वाटतंय." खोटं नाही बोलली. नावाला कास्टील, पण लढाईसाठी बांधलेलाच नाही. सतराव्या शतकातल्या एका उमरावाचं राहतं घर आहे ते. आपल्याकडचा सरदाराचा वाडाच म्हणा.

पण या घराची गोष्ट भारी आहे. इथे आधी एक जुना किल्ला होता. घराणं फान रेडे. मालक गोडार्ड आद्रियान फान रेडे हा डच प्रजासत्ताकाचा वकील, म्हणजे आपल्या पेशवाईतल्या अर्थाने वकील, परराज्यांच्या दरबारी जाऊन बोलणी करणारा. १६७२ साली फ्रान्स, इंग्लंड आणि दोन जर्मन बिशप अशा चौघांनी मिळून या चिमुकल्या देशावर हल्ला केला. इथे ते वर्ष 'रांपयार' म्हणून ओळखलं जातं, अनर्थाचं वर्ष. उट्रेख्त फ्रेंचांच्या ताब्यात गेलं. गोडार्ड आद्रियान तेव्हा ब्रांडेनबुर्गच्या दरबारात फ्रान्सविरुद्ध मदत मिळवायच्या खटपटीत होता. फ्रेंचांनी त्याचा सूड घेतला. फेब्रुवारी १६७३ मध्ये त्याचं घर जाळलं.

नवरा परदेशी, घर जळालेलं. मग पुन्हा उभं कुणी केलं? बायकोने. मार्गारेटा टर्नर तिचं नाव. १६७४ ते १६८० ती तिथे उभी राहून बांधकाम करून घेत होती आणि नवऱ्याला पत्रांतून सगळं कळवत होती. लाकूड, चुना, मजूर, खर्च, हवामान. ती शेकडो पत्रं आजही जपून ठेवलेली आहेत. १६७४ म्हणजे तिकडे रायगडावर राज्याभिषेक झाला ते साल. मला अशी दोन टोकं जुळवून बघायची सवय आहे. लेकीला त्याचा कंटाळा येतो, पण लक्षात तेच राहतं.

आत्या मात्र मार्गारेटाच्या गोष्टीपाशी थबकली. काकांची नोकरी फिरतीची. निपाणीचं त्यांचं घर आत्याने एकटीने बांधलं, हातात वही घेऊन, सिमेंटच्या गोण्या मोजत. तिने मार्गारेटाच्या तसबिरीकडे बघितलं आणि काकांना म्हणाली, "हिच्या नवऱ्यान निदान पत्रां तरी वाचली असतीत." काकांनी लगेच छताच्या नक्षीत रस घेतला.

याच घरात आणखी एक पाहुणा येऊन गेला. ११ नोव्हेंबर १९१८, म्हणजे ज्या दिवशी पहिलं महायुद्ध थांबलं त्याच दिवशी, जर्मनीचा पळून आलेला कैसर दुसरा विल्हेल्म इथे उतरला. तेव्हा घर बेंटिंक नावाच्या सरदाराकडे होतं. त्याने कैसरला थोड्या दिवसांसाठी ठेवून घेतलं. त्याच महिन्यात, २८ तारखेला, कैसरने राज्यत्यागावर सही केली ती याच घरात. आणि थोड्या दिवसांचा पाहुणा किती राहिला? मे १९२०पर्यंत! मग शेजारच्या डोर्न गावात स्वतःचं घर घेऊन गेला. जर्मनीतून त्याचं सामान आलं ते रेल्वेच्या पन्नासहून जास्त वाघिणी भरून. आत्याने तीन महिन्यांच्या मुक्कामाबद्दल पहिल्या दिवसापासून चालवलेली "तुम्हाला त्रास झाला गो" ही टकळी त्यानंतर बंद झाली. कैसरचे आभार.

तळघरातलं स्वयंपाकघर बघून वर आलो तेव्हा आत्याने तो प्रश्न विचारला. तुमच्यापैकी ज्यांनी आईवडिलांना इथली घरं दाखवली आहेत त्यांना तो नक्की ऐकू आला असणार.

"ह्यां सगळां आपल्याच पैशान बांधला काय गो?"

मी उत्तर देण्याआधी लेक बोलली. शाळेत तिला ५० खिडक्यांचा 'कॅनन' शिकवतात, देशाच्या इतिहासाचे ५० तुकडे. त्यात ईस्ट इंडिया कंपनीची खिडकी आहे, गुलामगिरीचीही आहे. ती म्हणाली, "फेओसेने इंडियातून मसाले आणले, म्हणून इथे श्रीमंती आली. पण त्यांनी वाईट पण केलं." फेओसे म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनी, १६०२ साली स्थापन झालेली. मग जरा थांबून तिने मला विचारलं, "आई, मग आपण कोण? ज्यांचं घेतलं ते, की ज्यांनी घेतलं ते?" मी काहीतरी गुळमुळीत बोलले. बाहेर आलो.

खरं सांगायचं तर दोन सोपी उत्तरं माझ्या जिभेवर होती. एक, "हो, सगळं लुटीचं." दुसरं, "अगं, ते फार जुनं झालं." पहिलं या घरापुरतं बरोबर नाही. गोडार्ड आद्रियानची मिळकत मुख्यतः जमिनीची आणि सरकारी पदांची होती, मसाल्यांची नाही. या देशातला प्रत्येक वाडा मिरीवर उभा नाही. आणि दुसरं उत्तर तर बरोबर नाहीच. मग खरं काय?

ते त्या दिवशी लगेच सुचलं नाही, कारण बाहेर पडताच काकांनी ताबा घेतला.

आमेरोंगेन आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत सतराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत तंबाखू पिकायचा. होय, तंबाखू, या थंड ओल्या देशात. गावाकडेला अजून काही जुनी तंबाखूची कोठारं उभी आहेत. लांबलचक, लाकडी, काळपट, भिंतींना उभ्या झडपा. वारा हवा तेव्हा झडपा उघडायच्या, पाऊस आला की लावायच्या. आत काठ्यांवर पानं टांगून वाळवायची. काका निपाणीचे. निपाणी म्हणजे बिडीच्या तंबाखूचं गाव, १९८१ सालच्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनाचं गाव. कैसरच्या पलंगाकडे ज्यांनी धड बघितलंही नव्हतं, ते काका त्या कोठाराभोवती तीन प्रदक्षिणा घालून आले. "हे बघ की. फळीला फट ठेवलीय. आमच्याकडं ऊन आहे म्हणून जमिनीवर वाळवतोय. यांच्याकडं ऊन नाही, मग वाऱ्यावर." लेकीला त्यांनी पान कसं खुडायचं, शेंडा का मोडायचा, चुरा डोळ्यांत गेला की काय होतं, सगळं सांगितलं. वाड्यात जे ऐकलं त्यापेक्षा हे तिने जास्त मन लावून ऐकलं. तंबाखू मूळचा अमेरिकेचा. तो इकडे हॉलंडात आला आणि पोर्तुगीजांच्या हातून आपल्याकडेही आला. काकांना हे माहीत नव्हतं. त्यांना तो निपाणीचाच वाटायचा.

पुढे वाइक बाय ड्यूर्स्टेडेला गेलो, नदीकाठचं छोटंसं गाव. तिथे एका वेशीवर पवनचक्की बसवलेली आहे, खालून रस्ता जातो. हजारबाराशे वर्षांपूर्वी इथे डोरेस्टाड नावाचं मोठं व्यापारी बंदर होतं, त्यावर व्हायकिंग लोकांनी वारंवार धाडी घातल्या. आईस्क्रीम खाल्लं, फोटो काढले, घरी आलो.

आता मुख्य गोष्ट.

रात्री लेकीला स्लाइड करायला मदत करत होते. 'फान रेडे' हे नाव टाइप करताना कुठेतरी खट्‌कन आवाज झाला. हे नाव मी आधी वाचलंय. कुठे? मग आठवलं. हेंड्रिक आद्रियान फान रेडे. आमेरोंगेनच्या मालकाचा हा भाऊबंद, त्याच घराण्याच्या द्राकेनस्टाइन शाखेतला. जन्म १६३६. चार वर्षांचा असताना वडील गेले. भावंडं बरीच, हा शेंडेफळ, वाटणीत हाती लागण्यासारखं फारसं नाही. विसाव्या वर्षी, १६५६ साली, त्याने कंपनीची नोकरी धरली आणि पूर्वेकडे निघाला. आपल्यापैकी किती जणांची गोष्ट इथूनच सुरू होते! १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतलं. त्या मोहिमेत तो होता. १६७० मध्ये तो मलबारचा कमांडर झाला, म्हणजे केरळच्या किनाऱ्यावरचा कंपनीचा मुख्य अधिकारी.

आणि त्याने तिथे एक पुस्तक करायला घेतलं. 'होर्टुस मलबारिकुस', मलबारची बाग. आम्स्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात छापलेले बारा मोठे खंड. ७४०च्या आसपास वनस्पती, प्रत्येकीचं चित्र, वर्णन, औषधी उपयोग. पहिल्या खंडाची सुरुवातच माडापासून होते.

पुस्तक करण्यामागे निव्वळ ज्ञानाची हौस नव्हती. कंपनीच्या दवाखान्यांना लागणारी औषधं युरोपातून येत. प्रवासात ती खराब होत, महाग पडत, आणि गंमत म्हणजे त्यातली कितीतरी मूळची पूर्वेकडचीच असत. फान रेडेचं म्हणणं, औषध दाराशी उगवतंय तर तिकडून कशाला आणायचं? शिवाय कंपनीतला त्याचा वरिष्ठ आणि प्रतिस्पर्धी फान खून्स याला सिलोनचं महत्त्व वाढवायचं होतं. आपला मलबार किती मोलाचा आहे हे दाखवणं फान रेडेच्या फायद्याचं होतं. म्हणजे ऑफिसचं राजकारणही होतंच.

पण झाडं ओळखणार कोण? त्याला थोडीच मल्याळम येत होती. त्याने तिथले वैद्य बोलावले. एळवा समाजातला इट्टी अच्युतन हा पिढीजात वैद्य, ज्याने आपल्या घरातल्या पोथ्यांतली माहिती सांगितली. आणि तीन कोकणी वैद्य, रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट. गोव्यात पोर्तुगीजांचा जाच वाढल्यावर सोळाव्या शतकात जी सारस्वत कुटुंबं देव आणि पोथ्या घेऊन दक्षिणेला गेली, त्यांतली काही कोचीला स्थिरावली. हे त्या समाजातले. म्हणजे तेही परमुलखात राहणारे, घरात एक भाषा आणि रस्त्यावर दुसरी.

इट्टी अच्युतन मल्याळममध्ये सांगायचा. मानुएल कार्नेरो नावाचा दुभाषा त्याचं पोर्तुगीजमध्ये करायचा. मग त्याचं लॅटिन व्हायचं. तीन कोकणी वैद्य आपल्या निघंटूत बघून गुणधर्म ताडून बघायचे. दोन वर्षं, सकाळ-संध्याकाळ. फान रेडेने प्रस्तावनेत या वैद्यांच्या चर्चेचं कौतुक केलंय. ते एकमेकांचं म्हणणं न चिडता ऐकून घेत, जुन्या श्लोकांचे दाखले देत आणि मतभेद असला तरी मर्यादा सोडत नसत, याचं त्याला नवल वाटलं.

आणि पुढचं मला सगळ्यात विलक्षण वाटतं. या लोकांचा शब्द पुस्तकात छापलेला आहे. अगदी त्यांच्या अक्षरात. पहिल्या खंडात इट्टी अच्युतनचा दाखला आहे, आणि तीन वैद्यांचा १६७५ सालचा दाखलाही आहे, कोकणीत, नागरी लिपीत. आम्स्टरडॅमच्या कारागिराने ती अक्षरं वाचता येत नसतानाही तांब्याच्या पत्र्यावर चित्रासारखी कोरली. शिवाय वनस्पतींच्या चित्रांवर नाव लॅटिन अक्षरांत, मल्याळममध्ये, अरबीत आणि नागरीत. युरोपात छापल्या गेलेल्या सर्वांत जुन्या नागरी मजकुरांत याची गणना होते. तुलनेसाठी सांगते, विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापलं गेलं ते १८०५ मध्ये, या पानानंतर सव्वाशे वर्षांनी.

सगळे खंड स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवलेले आहेत. मी लॅपटॉपवर ते पान उघडलं आणि आत्याला हाक मारली. तिने चष्मा लावला. अक्षराचं वळण जुनं, काही अक्षरं ओळखीची, काही नाहीत. शिरोरेषेवर बोट ठेवून ती हळूहळू वाचायला लागली. मधेच अडली की लेक पुढे घुसायची, "तो भ असेल." जी मुलगी मराठी शाळेत जायचं म्हटलं की दर शनिवारी पोटात दुखतंय म्हणते, ती. शेवटी तीन नावं लागली. आत्या मागे टेकून बसली. "हे आमच्याच बाजूचे दिसतत," म्हणाली.

आमचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथे गावात डच वखारीचे भग्न अवशेष आहेत, आत्याच्या शाळेच्या वाटेवर. १६३७ मध्ये विजापूरच्या आदिलशहाची परवानगी घेऊन डचांनी वेंगुर्ल्यात बस्तान बसवलं, कारण तिथून गोव्याची नाकेबंदी करणं सोपं होतं. लहानपणी आत्या आणि तिच्या मैत्रिणी तिथे जायला भ्यायच्या, भुतं आहेत म्हणून. "डच म्हणजे कोण तां आमका ठाऊकच नव्हतां. आमका वाटायचां, डच ह्या भुताचांच नाव." आणि आता ती त्यांच्याच देशात बसून त्यांच्या पुस्तकात आपली अक्षरं वाचत होती.

मग मी लेकीला दुसरी बाजूही सांगितली, कारण अर्धी गोष्ट सांगितली तर ती पुन्हा गुळमुळीतच होईल. ज्या कंपनीने हे पुस्तक करू दिलं तीच कंपनी कोचीच्या आणि कोरोमंडलच्या बंदरांतून माणसं विकत घेऊन जहाजांत घालत होती. बटाव्हिया, सिलोन, आफ्रिकेचं केप. फान रेडे स्वतः १६८५ मध्ये कंपनीचा मोठा तपासनीस म्हणून केपला गेला तेव्हा त्याने तिथल्या गुलामांबाबत नियम घालून दिले. गुलाम ठेवणं बंद केलं नाही, नियम केले. तिथला एक मुलूख आजही त्याच्या घराण्याच्या द्राकेनस्टाइन या नावाने ओळखला जातो. वैद्यांचं म्हणणं आदराने ऐकणारा आणि हा, माणूस एकच. इथल्या राजाने १ जुलै २०२३ रोजी गुलामगिरीबद्दल माफी मागितली ते तिला शाळेत सांगितलंय. पण ती माणसं आपल्याकडच्या किनाऱ्यावरूनही नेली होती, हे तिला माहीत नव्हतं. खरं म्हणजे मलाही कोण जाणे किती उशिरा कळलं. आपल्या शाळेत डचांना दोन ओळी होत्या, "पोर्तुगीज, डच, इंग्रज व फ्रेंच भारतात आले", संपले डच.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ते तिघं मदत करत होते की त्यांना करावीच लागली?"

दाखल्यात कमांडरच्या हुकुमावरून असं लिहिलंय, मी म्हटलं. पण पोर्तुगीजांपेक्षा डचांच्या राज्यात या लोकांना स्वस्थता होती, हेही खरं. आणि आपली विद्या कुणीतरी नीट लिहून घेतोय याचा आनंदही असेल. मला विचाराल तर तिन्ही एकदमच असणार. परदेशातल्या ऑफिसात आपल्याला काम सांगितलं जातं तेव्हा आपण ते हुकूम म्हणून करतो, गरज म्हणून की अभिमान म्हणून? मला तरी माझ्या नोकरीत वेगळं काढता येत नाही.

रविवारी लाखे फ्यूर्सला गेलो. जंगलातलं एवढंसं गाव, पॅनकेकसाठी प्रसिद्ध. त्याच्या लगतच द्राकेनस्टाइन आहे, अष्टकोनी, पांढरं, हेंड्रिकचा भाऊ खेरार्ड याने १६४०च्या सुमारास बांधलेलं. आता तिथे माजी राणी बेआट्रिक्स राहतात, त्यामुळे आत जाता येत नाही. झाडांच्या फटीतून जेवढं दिसलं तेवढं बघितलं. काका म्हणाले, एवढ्या लांब येऊन फाटकच बघायचं होतं तर निपाणीतही आहेत. पण मला ते फाटक बघायचं होतं. या घरात हिस्सा नव्हता म्हणून एक मुलगा निघून गेला. मधे सहाएक वर्षं परत आला, मायड्रेख्तची जहागीर विकत घेतली, उमरावांत बसला, आणि पुन्हा निघाला. डिसेंबर १६९१ मध्ये कोचीहून सुरतेला जाताना मुंबईजवळ समुद्रात, जहाजावरच वारला. म्हणजे शेवटच्या प्रवासात आपला सगळा कोकण किनारा त्याच्या उजव्या हाताला होता, वेंगुर्लेसुद्धा. सुरतेच्या डच कबरस्तानात त्याची भलीमोठी घुमटाची कबर आहे. पुस्तकाचे शेवटचे खंड त्याच्या मृत्यूनंतर बाहेर पडले.

पॅनकेकवर आत्याने पिशवीतून काढलेली लिंबाची फोड पिळली. पलीकडच्या टेबलावरच्या आजीबाई बघत राहिल्या. पॅनकेक खाता खाता आम्ही मोबाइलवर पुस्तकातली पानं उलटत होतो. काजू सापडला. काजूसुद्धा पोर्तुगीजांनी आणलेला, पण १६७०च्या दशकात तो मलबारच्या बागेत असा रुळलेला की चित्रात त्याला कुणी परका म्हणणार नाही. कोडमपुळी सापडली, आपल्या कोकमाची चुलत बहीण. आत्या प्रत्येक चित्र बघून आधी वेंगुर्ल्याचं नाव सांगायची, मग आम्ही चित्रावरची नागरी अक्षरं लावायला बघायचो. कधी जुळायचं, कधी नाही.

सगळं छान झालं असं नाही. रविवारी रात्री लेकीने जाहीर केलं की स्प्रेकबर्ट बदलायचं. मी म्हटलं, विषय किल्ला दिलायस. ती म्हणाली, किल्ल्यापासून सुरू करीन. रडारड झाली, साडेदहा वाजले, नवरा म्हणाला आधीचंच ठेव. शेवटी स्लाइड दहा: तीन आमेरोंगेनच्या, एक द्राकेनस्टाइनची, बाकी सगळ्या पुस्तकाच्या. गुलामांची स्लाइड तिने स्वतः केली, माझी मदत नको म्हणाली.

मंगळवारी घरी आली ती जरा घुश्श्यातच. एका मुलाने विचारलं होतं, त्या तीन डॉक्टरांचे फोटो का नाहीत? फान रेडेचं चित्र आहे, मग त्यांचं का नाही? तिने सांगितलं, नाहीच आहेत, फक्त त्यांचं अक्षर आहे. मग बाईंनी तिला फळ्यावर ती तीन नावं लिहायला सांगितली. आपुभटमधला उकार तिने दीर्घ काढला, असं तिनेच मला सांगितलं. आणि वर्गात कुणालाच कळलं नाही, असंही.

आत्या-काका ऑगस्टमध्ये परत गेले. गणपतीला आत्या वेंगुर्ल्याला गेली, आणि मुद्दाम वखारीपाशी जाऊन फोटो पाठवला. पावसाने सगळं हिरवंगार, भिंतीतून झाडं उगवलेली, दगड दिसत नाहीत. लेकीने फोटो मोठा करून बघितला आणि व्हॉइस मेसेज पाठवला, "आत्याआजी, भिंतीवर कुठली कुठली झाडं आहेत?"

दोन तासांनी उत्तर आलं. मागे पावसाचा आवाज, कुणीतरी छत्री धर म्हणून ओरडतंय, आणि आत्या एकेक नाव सांगतेय. घाणेरी. टाकळा. पिंपळ, तो बारको. एक वेल आहे, तिचं नाव तिला आठवत नव्हतं, शेजारच्या वैनींना विचारून सांगते म्हणाली.

लेकीने परत मेसेज केला, लिहून पाठव, मराठीत.